पाचशे एकावं यंत्र

परदेशी व्यवहार बघणाऱ्या शाखेत माझी बदली झाली, हे मी वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बांधावर उभे होते. रामटेकपासून पाच-सहा किलोमीटरवर आमची धानाची शेती आहे. मागे मोटरपंपाचा आवाज येत होता.

"म्हणजे आता परदेशात जाशीन का?"

"नाही बाबा. नागपुरातच. सदरमध्ये."

"मंग परदेशाचं काय करशीन?"

"तिकडून कागद येतात, इकडून कागद जातात. ते वाचायचे."

"दुसऱ्याचे कागद?"

"हो."

"अन् त्याचा पगार देतात?"

"हो."

मग ते म्हणाले, "चांगलं हाय. नीट वाचत जाय."

आंतरराष्ट्रीय बँकिंगचं याहून नेमकं वर्णन मी नंतर कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलं नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्यात माझ्या हुशारीचा वाटा थोडा आणि आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचा जास्त. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या आम्हा सात-आठ मुलांना ते शाळेच्या व्हरांड्यात सकाळी सातला शिकवायचे, एक पैसा न घेता. त्यांचा एक जाचक नियम होता. उत्तर बरोबर असलं तरी डावीकडे समास सोडलेला नसेल तर गुण कापायचे. एकदा मी कुरकुर केली. सर म्हणाले, "तुझा पेपर तपासणारा तुले ओळखत नाही. तू रामटेकचा, का लंडनचा, का गधा, त्याले काही माहीत नाही. त्याले फक्त कागद दिसते."

तेव्हा मला हे अन्यायाचं वाटलं होतं. सदरच्या शाखेत आल्यावर कळलं की सगळं जग सरांच्याच नियमावर चालतं, फक्त त्याला इंग्रजीत जाड पुस्तकं आहेत.

त्या शाखेत मुख्य काम एलसीचं. ज्यांचा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही कुणीतरी सांगितलंच होतं. समजा, नागपुरातल्या माणसाला आफ्रिकेतल्या माणसाला माल विकायचा आहे. विकणारा म्हणतो, आधी पैसे पाठव. घेणारा म्हणतो, आधी माल पाठव. दोघंही सज्जन असू शकतात, पण दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नसतं. मग घेणाऱ्याची बँक लिहून देते की अमुक अमुक कागद अमुक तारखेच्या आत आमच्याकडे बरोबर आले तर पैसे आम्ही देऊ. हे लेखी वचन म्हणजे एलसी. गंमत अशी की बँक माल बघतच नाही. डब्यात यंत्र आहे की विटा, हे तिच्या कामाचं नाही. तिला फक्त कागद हवे, आणि ते वचनात लिहिलेल्या शब्दांशी जुळलेले हवे. डॉलर तर नागपुरात येतही नाहीत. ते न्यूयॉर्कच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकतात. माल समुद्रावर, पैसा न्यूयॉर्कला आणि मी सदरला, हातात पट्टी घेऊन एकेका ओळीखाली सरकवत.

मला हे काम फार आवडलं. खरंच आवडलं. शेतीत सगळं नीट करूनही पीक जातं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. इथे निदान एक जागा अशी होती की नीट केलं तर नीटच होतं.

या विश्वासावर मी एका माणसाला बुडवायच्या बेतात होतो, त्याची ही गोष्ट.

हे गृहस्थ हिंगण्याच्या एमआयडीसीत एक छोटी शेड चालवायचे. आधी तिथल्याच एका मोठ्या कारखान्यात एकोणीस वर्षं फिटर होते. मग नोकरी सोडून सहा कामगार घेतले आणि मक्याचे दाणे काढायचं हातयंत्र बनवायला लागले. वरून कणीस घालायचं, बाजूचा दांडा फिरवायचा, खालून दाणे पडतात आणि बुरकुंडा, म्हणजे दाणे निघालेलं रिकामं कणीस, बाजूला निघतो. वीज लागत नाही. त्यांच्या मुलीने त्याचा व्हिडिओ मोबाइलवरून टाकला होता. तो पाहून आफ्रिकेतल्या मोंबासाच्या एका दुकानदाराने पाचशे यंत्रं मागवली. हे सांगायला ते शाखेत आले तेव्हा इस्त्रीच्या शर्टावर कारखान्यातल्या काळ्या बोटांचे ठसे होते. दोन वाक्यांत त्यांनी माझी बोली ओळखली.

"साहेब, तुमी रामटेककडचे का?"

"हो, काकाजी."

"तरीच. मी मनसरचा. मंग आता तुमीच सांगा. तो म्हणते, अर्धे पैसे आधी पाठवतो, अर्धे माल पोचल्यावर. माणूस चांगला वाटते बोलण्यावरून."

आणि मी ते वाक्य बोललो. मला ते वाक्य स्वतःलाच इतकं पटलं की संध्याकाळी खोलीवर जाऊन मी ते पुन्हा एकदा मनात म्हटलं.

"काकाजी, माणूस चांगला आहे की नाही हे बघावंच लागू नये, म्हणून तर एलसी असते."

त्यांनी विचारलं, "कागद बरोबर असले तर पैसे येतेच?"

"येतातच."

"तुमी पाहान कागद?"

"मी स्वतः बघीन."

दुकानदाराने कुरकुर करत एलसी काढली. त्यात लिहिलं होतं: मक्याचे दाणे काढण्याचं हातयंत्र, पाचशे नग. अर्ध्या आगाऊ रकमेवर पाणी सोडून काकाजींनी लोखंड घेतलं, कामगारांना जादा पाळी दिली आणि महिना-दीड महिन्यात माल तयार केला. नागपूरच्या अजनीहून कंटेनर रेल्वेने बंदराकडे गेला, तिथून जहाजावर चढला आणि कागदांची फाइल माझ्या टेबलावर आली.

मी चार तास ती फाइल तपासली. दुकानदाराचं नाव, पत्ता, जहाजाची तारीख, बंदराचं नाव, विम्याची रक्कम, शिक्के, सह्या, सगळं पट्टी लावून पाहिलं. एका ठिकाणी शिक्का पुसट होता, तो परत मारून आणायला लावला. काकाजी दोनदा हिंगण्याहून मोटरसायकलने आले आणि गेले, हेल्मेटच्या आत घाम गाळत. "भल्ले कडक हाय तुमी," ते म्हणाले, आणि मला ते कौतुक वाटलं.

इनव्हॉइसवर एक ओळ होती: पाचशे नग. तिच्याखाली दुसरी: एक नग, विनामूल्य. एकूण पाचशे एक. दहा-दहा यंत्रांची पन्नास खोकी आणि त्या एकाचं वेगळं छोटं खोकं. एकूण एक्कावन्न. मी दोन्ही ओळींवर पेन्सिलने बरोबरची खूण केली.

आमच्या शाखेत प्रत्येक फाइल दोघांनी बघायची असते. दुसरी नजर आमच्या मॅडमची. त्या नागपूरच्या जुन्या महाल भागातल्या, त्यांच्या पूर्वजांनी भोसल्यांच्या दफ्तरात कागद लिहिलेले, आणि बोलणंही असं की प्रत्येक शब्द आधी धुऊन वाळवलेला. नजर घारीची. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी माझी एक चूक, एका स्वल्पविरामामुळे बदललेली रक्कम, दहा पावलांवरून पकडली होती. त्यांनीही ही फाइल पाहिली, माझ्या सहीशेजारी सही केली आणि कागद कुरिअरने मोंबासाच्या बँकेकडे गेले.

अकराव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. पैसे देण्यास नकार. कारण एकच ओळीचं: इनव्हॉइसमध्ये न मागितलेला माल दाखवला आहे, एक नग, विनामूल्य.

मी संदेश छापून मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग आमच्याकडची प्रत काढली.

"कुठे आहे हा एक?"

"खाली, मॅडम. दुसऱ्या ओळीत."

"तुम्ही पाहिला होता?"

"हो."

"मग थांबला का नाहीत? फुकट असला तरी न मागितलेला माल कागदावर चालत नाही, हे नियमातच आहे. आपणच प्रशिक्षणात शिकवतो."

मला नियम पाठ होता. काय सांगावं कळेना, म्हणून खरं तेच सांगितलं. "मला ते बरोबर वाटलं, मॅडम. उलट पाचशेच असते तर मी थांबलो असतो."

त्यांचं बोट माझ्या खुणेवरून सरकत स्वतःच्या सहीवर गेलं आणि तिथेच राहिलं. त्या म्हणाल्या, "मलाही."

त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. नुसता आठवत बसलो. दहावीला पहिला आलो तेव्हा शाळेने पाकिटात एक्कावन्न रुपये दिले होते. नोकरीवर रुजू व्हायला निघालो तेव्हा मामाने हातावर एकशे एक ठेवले. गावच्या सभामंडपाच्या फरशीवर नावं कोरली आहेत त्यात कुणाचे पाचशे नाहीत, सगळ्यांचे पाचशे एक आहेत. माझ्या डोळ्यांना शून्यावर संपलेला आकडा म्हणजे दार लावून घेतलेलं घर. त्याच्यावर एक ठेवला की व्यवहार पुढे चालू राहतो. मला कुणी हे शिकवलं नव्हतं, म्हणून मला ते विसरताही आलं नाही.

आणि मी एकटा नव्हतो. ते इनव्हॉइस काकाजींच्या मुलीने टाइप केलं, काकाजींनी सही केली, माल पाठवणाऱ्या एजंटाने वाचलं, कस्टमच्या कारकुनाने त्यावर शिक्का मारला, मी चार तास पाहिलं, मॅडमनी पाहिलं. हिंगण्यापासून सदरपर्यंत तो एक सगळ्यांच्या नजरेखालून गेला आणि कुणालाही खटकला नाही. तो सगळ्यांत आधी खटकला मोंबासातल्या एका अनोळखी तपासनिसाला. माझ्या सरांनी त्याला पूर्ण गुण दिले असते.

काकाजींना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी हिंगण्याला गेलो. दिवसपाळी सुटत होती, कंपन्यांच्या बसेस आणि मोटरसायकलींच्या उलट्या गर्दीतून मी शेडपर्यंत पोचलो. काकाजी एका दांड्याला कानस मारत होते. मी सगळं सांगितलं. त्यांना आधी पटलंच नाही.

"काहून? एक जास्त दिला म्हणून पैसे नाही देत?"

"हो."

"अन् कमी दिला असता तर?"

"तरी नसते दिले."

"म्हणजे जास्त अन् कमी त्याईले सारखंच?"

"कागदावर सारखंच, काकाजी."

"बाप्पा!" ते कामगारांकडे वळून म्हणाले, "ऐका बे. आफ्रिकेत फुकट दिलं तर गुन्हा हाय."

कामगार हसले. एकजण म्हणाला, "मंग आपला ओव्हरटाइम आफ्रिकेच्या हिशोबानं धरा, सेठ." पुन्हा हसले. काकाजीही हसले, पण कानस खाली ठेवली.

"नवं बिल बनवू. पाचशेचं."

"जहाजाच्या कागदावर एक्कावन्न खोकी आहेत. कस्टमच्या कागदावर पाचशे एक नग. आणि कागद परत द्यायची मुदतही गेली."

"मंग आता?"

"आता मोंबासाचा दुकानदार म्हणाला की मला हा फरक चालतो, तर त्याची बँक पैसे देईल. नाही म्हणाला तर..."

"तर?"

"तर माल तिथल्या बंदरात पडून राहील. काही दिवसांनी जागेचं भाडं लागेल. परत आणायचा तर तेही आपल्याच खर्चाने."

त्यांनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः यंत्रांच्या सांगाड्यावर बसले. आवाज न चढवता म्हणाले, "तुमीच म्हटलं होतं न भाऊ, माणूस चांगला हाय का नाही हे पाहाच लागत नाही. आता त्याच माणसाच्या चांगुलपणावर येऊन बसलो न आपण?"

शाखेत ते मला साहेब म्हणायचे. शेडमध्ये मी भाऊ झालो होतो. ही बढती होती की काय, ते मला ठरवता आलं नाही.

निघताना मी विचारलं, "तो एक का टाकला, काकाजी?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "पयला माल परदेशात चालला होता गा. शून्यावर कसा धाडू?"

पुढचे दिवस वाईट गेले. दुकानदार मेसेजला उत्तर देत नव्हता. काकाजींची मुलगी इंग्रजीत लिहायची, समोर दोन निळ्या खुणा दिसायच्या, बस. जहाज मोंबासाला लागलं. काकाजी रोज दुपारी फोन करून एकच विचारायचे, "आलं का काही?" मी म्हणायचो, "नाही." मग ते मला धीर द्यायचे, आणि ते ऐकणं रागावण्यापेक्षा अवघड होतं. कामगारांच्या पगाराला त्यांनी कारखान्यातल्या जुन्या दोस्ताकडून उसने घेतले, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

मग त्या बँकेचा दुसरा संदेश आला. ग्राहक विचारतो की न मागितलेलं एक्कावन्नावं खोकं कशासाठी आहे, याचा खुलासा करावा.

मला पहिल्यांदाच त्या माणसाची बाजू दिसली. तोही कधी नागपूरला आलेला नव्हता. त्याच्या नावावर समुद्रापलीकडून एक जादा बंद खोकं आलं होतं, फुकट. माझ्या वडिलांनीही असं खोकं उघडलं नसतं. त्यांनी आधी पोलीस पाटलाला बोलावलं असतं.

खुलासा मी लिहायला घेतला. सर्व शब्द इंग्रजी, आणि आमच्या यंत्रणेत एका ओळीत मोजकीच अक्षरं मावतात. मी शून्य, पूर्णता, शुभ, आपल्याकडची लग्नं आणि सभामंडप असं सगळं लिहून पानभर मजकूर मॅडमना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"हा निबंध आहे."

"हो, मॅडम."

"चांगला आहे. पण मोंबासाच्या तपासनिसाला आपल्या लग्नांशी काय देणंघेणं?" त्यांनी पेन उघडलं आणि एकेक वाक्य खोडायला लागल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "माझी आजी भाजीवालीला सुद्धा पूर्ण रुपया देत नसे. वर काहीतरी ठेवायचीच. भाजीवाली म्हणायची, बाई, हिशोब चुकला. आजी म्हणायची, चुकला नाही, उद्या ये." मग एकदम मला म्हणाल्या, "बस इथे. लिही."

एरवी त्या मला तुम्ही म्हणतात. मी बसलो आणि लिहिलं. शेवटी उरलेला मजकूर एवढाच होता: जादा नग हा विक्रेत्याच्या भागातील प्रथेनुसार दिला आहे. पूर्ण संख्येवर व्यवहार संपवू नये, तो पुढे चालू राहावा, अशी त्यामागे इच्छा. त्याची किंमत मागितलेली नाही व मागितली जाणार नाही.

संदेश गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "तीस वर्षं झाली मला या कामात. बँकेच्या तारेवरून शकुन पाठवायची ही पहिलीच वेळ."

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. ग्राहकास फरक मान्य. रक्कम आमचे शुल्क वजा करून पाठवली आहे.

मी फोन लावला. काकाजींनी उचलताच नेहमीसारखं विचारलं, "आलं का काही?" मी "आलं" म्हटलं तेव्हा मागे शेडमधल्या यंत्राची घरघर चालू होती. मग ती कुणीतरी बंद केली.

दुसऱ्या दिवशी ते संत्रा बर्फी घेऊन आले. सगळ्या शाखेला वाटून झाल्यावर माझ्यासमोर बसले आणि हळूच विचारलं, "हे शुल्क कायचं कापलं?"

"कागदात फरक निघाला की त्यांची बँक दंड घेते."

त्यांनी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले. फिटरचं गणित पक्कं असतं. "म्हणजे एक यंत्र फुकट द्यायले मले तीन यंत्रांचे पैसे लागले."

"हो, काकाजी."

"सस्त्यात सुटलो," ते म्हणाले आणि उरलेला बर्फीचा तुकडा माझ्याकडे सरकवला.

दुकानदारानेही त्याच आठवड्यात मुलीच्या मोबाइलवर फोटो पाठवला. छोटं खोकं उघडून ते यंत्र त्याने गल्ल्याजवळ मांडलं होतं. दांड्यावर काकाजींच्या घरच्या काकूंनी लावलेलं हळदकुंकू समुद्र ओलांडूनही तसंच होतं. खाली प्रश्न होता: हा लाल-पिवळा रंग वापरण्याआधी धुवायचा का? यावर काय उत्तर द्यावं हे विचारायला काकाजींनी मला फोन केला. सल्ला देण्याची माझी हौस तोवर ओसरली होती. मी म्हणालो, "त्यांना हवं तर धुतील." त्यांनी तेच कळवलं. पुढच्या फोटोतही रंग होता.

दोन-तीन महिन्यांनी दुसरी ऑर्डर आली. पुन्हा एलसी, पुन्हा पाचशे नग. फाइल माझ्याकडे आली तेव्हा मी आधी इनव्हॉइसच काढलं. पाचशे. खोकी पन्नास. कुठेही एक नाही. मी पट्टी लावून सगळं तपासलं, चूक सापडली नाही, खूण केली. मॅडमनी सही करताना पान जरा जास्त वेळ धरून ठेवलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. आवाज असा होता जसा पेपर अवघड गेल्यावर घरी सोपा गेला म्हणून सांगावा. पैसे ठरल्या दिवशी आले. एक डॉलर कापला गेला नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी काकाजी शाखेत आले ते मोटरसायकलच्या मागे खोकं बांधून. सुरक्षारक्षकाने ते दारातच अडवलं होतं.

"भाऊ, हे तुमचं."

"काय आहे?"

"या खेपेचं पाचशे एकावं. तिकडं जात नाही तर नाही. पण बनवावं तर लागते न. शेडमधी ठेवलं तर पोरं म्हणतात, सेठ, हे शून्यावरचं यंत्र इथंच बसून राहिलं, हे काही चांगलं नाही."

ग्राहकाकडून भेट घेता येत नाही, हा आमच्या बँकेचा नियम आहे आणि मी तो मोडणार नव्हतो. त्या 'एका'ने मला एवढं तर शिकवलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते नाराज झाले नाहीत, फक्त खोक्याची दोरी परत आवळायला लागले. ती दोरी बघून मी म्हणालो, "काकाजी, मी विकत घेतो. किंमत सांगा."

"तुमी? तुमच्याकडं मका कुठं हाय?"

"ते माझं मी बघीन. किंमत सांगा."

"अडीच हजार."

शाखेच्या बाहेर, कडुनिंबाखाली, मी त्यांच्या मोबाइलवरचा चौकोन स्कॅन करून अडीच हजार पाठवले. मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावून शर्टाच्या वरच्या खिशात टाकलं आणि पावतीपुस्तक काढलं.

"पावती अडीच हजाराचीच करतो," ते माझ्याकडे न बघता लिहीत म्हणाले. "वरचा एक कागदावर नाही दाखवत. लफडं होते."

पुढच्या रविवारी यंत्र घेऊन मी गावी गेलो. वडिलांनी दांडा फिरवून पाहिला, आत बोट घालून दात चाचपले. आमच्या आख्ख्या शिवारात धान. भुट्टा म्हणजे बाजारातून आणून भाजायची चीज.

"नीट वाचलं न सगळं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना या भानगडीचं थोडंसं सांगितलं होतं.

"या वेळी वाचलं."

"मंग हे काहून आणलं?"

मी सांगितलं, हे पाचशे एकावं आहे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. यंत्र उचलून पडवीत, भिंतीला टेकवून ठेवलं.

पावसाळ्यात गेलो तेव्हा धानाच्या बांधाकडेने, बांदीतलं म्हणजे खाचरातलं पाणी पोचणार नाही अशा उंचवट्यावर, मक्याच्या दोन ओळी उभ्या होत्या. ताटं किती, ते मी मोजलं नाही. वडील म्हणाले, "उगाच बसून होतं ते यंत्र."